पाणी आणणाऱ्या संस्थांनी आता पाणी काढण्याचेही काम हाती घ्यावे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष म्हणून जाहीर केल्यापासून सहकाराविषयी बरेच लिहिले आणि बोलले गेले. विकास सोसायट्यांचे संगणकीकरण, नवे आदर्श पोटनियम, गोदामे, पेट्रोल पंप, जनऔषधी केंद्रे असे अनेक विषय त्यात आले, आणि ते यायलाच हवे होते. परंतु ज्या जमिनीच्या जिवावर आपल्याकडचा ग्रामीण सहकार उभा राहिला, त्या जमिनीच्या प्रकृतीविषयी या साऱ्या चर्चेत मला फारच थोडे वाचायला मिळाले. कृष्णाकाठच्या एका उपसा जलसिंचन सहकारी संस्थेत मी ३१ वर्षे सचिव म्हणून काम केले आहे. संस्थेचे पाणी ज्या रानांना गेले त्यांतली कित्येक राने माझ्या डोळ्यांसमोर क्षारपड, म्हणजे मीठ फुटून नापीक, झाली आणि संस्थेच्या एकाही अहवालात त्याची नोंद झाली नाही. ते अहवाल मीच लिहीत होतो. म्हणूनच हे पत्र लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते.

प्रथम संस्थेने काय दिले ते सांगतो, कारण ते विसरून पुढचे बोलणे कृतघ्नपणाचे होईल. आमचा भाग नदीकाठचा असला तरी नदीचे पात्र खोल आणि जमिनी उंचावर, त्यामुळे पाणी डोळ्यांना दिसायचे आणि पिकाला मिळायचे नाही. पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरचा, तोही लहरी. शाळू, हरभरा, भुईमूग आणि विहीर असेल त्याचा थोडाफार ऊस, एवढीच शेती. कोयनेचे धरण झाल्यावर उन्हाळ्यातही कृष्णेला पाणी राहू लागले, नदीवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले, आणि मग गावोगावच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन उपसा संस्था काढल्या. एकट्याच्या ऐपतीत जॅकवेल (नदीकाठची पाणी उपसण्याची विहीर) बांधणे, मोटारी बसवणे आणि दोन-तीन मैल मेन लाइन टाकणे बसणारे नव्हते. शेतकऱ्यांनी जमिनी तारण ठेवून भूविकास बँकेचे कर्ज काढले, शेअरची रक्कम भरण्यासाठी कोणी म्हैस विकली, कोणी घरातले डाग मोडले. पहिले पाणी वरच्या चेंबरमध्ये पडले त्या दिवशी माझे वडील तिथे नारळ घेऊन उभे होते. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. त्या पाण्याने आमच्या गावातली पिढीच्या पिढी शिकली, पत्र्याची घरे स्लॅबची झाली, सावकाराच्या दारात जाणे बंद झाले. १८७५ साली सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. तिथपासून आपल्या शेतकऱ्याला हक्काचे भांडवल कसे मिळावे हा प्रश्न दख्खनमध्ये सुटता सुटत नव्हता. १९५४ साली ग्रामीण पतपाहणीचा अहवाल आला तेव्हासुद्धा देशातील शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के होता. त्या परिस्थितीतून पश्चिम महाराष्ट्र ज्या रीतीने वर आला, त्यात आमच्यासारख्या लहान उपसा संस्थांचा वाटा साखर कारखान्यांपेक्षा कमी नाही, फक्त त्यांची नावे कोणाला ठाऊक नसतात.

या संस्थांनी पैशाचा हिशेब मात्र अत्यंत चोख ठेवला. वीजबिल, मोटार दुरुस्ती, पाटकऱ्यांचे पगार, कर्जाचा हप्ता, पै न् पैची नोंद असे. सभासदाची पाणीपट्टी कारखान्याच्या ऊस बिलातून कपात होऊन यायची, त्यामुळे वसुलीही चांगली राहिली. हिशेब राहिला तो पाण्याचा. आमची आकारणी एकरावर होती, आजही बहुतेक संस्थांची एकरावरच आहे. एकराचे पैसे एकदा ठरले की सभासदाने त्या एकराला दोन इंच पाणी दिले काय किंवा सहा इंच दिले काय, संस्थेच्या खतावणीत फरक पडत नाही. त्यात वीज रात्रीची. दिवसभर राबलेला माणूस रात्री अकराला लाइट आली की सरीला पाणी सोडतो, उसात साप-किरडाचे भय असते, म्हणून बांधावरून घरी येतो आणि पहाटे जाऊन पाहतो तेव्हा पाणी खालच्या वाकुरीतून फुटून शेजारच्या रानात गेलेले असते. यात त्याचा आळस मी मानत नाही. पाण्याची पाळी बारा-पंधरा दिवसांनी येते, मध्येच मोटार जळाली तर ती तीन आठवड्यांवर जाते, म्हणून मिळेल तेव्हा पोटभर पाजून घ्यावे असे त्याला वाटते. आकारणीची पद्धत आणि विजेची वेळ या दोहोंनी मिळून त्याला जास्त पाणी द्यायला शिकवले आणि आम्ही संस्थेत बसून ते पाहत राहिलो.

आमच्याकडची जमीन काळी, भारी, पुरुष-दीड पुरुष खोल. तिच्यात पाणी मुरते हळू आणि निथळते त्याहून हळू. वर्षानुवर्षे गरजेपेक्षा जास्त पाणी दिले की खालच्या थरातील पाण्याची पातळी वर चढते. ती जमिनीपासून चार-पाच फुटांवर आली की दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे ते पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते, उन्हाने उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार वरच मागे राहतात. पिकाच्या मुळांना एकीकडे हवा मिळत नाही आणि दुसरीकडे मिठामुळे पाणी ओढता येत नाही. क्षारांत सोडियम जास्त असेल तर जमीन चोपण होते, तिचा सामू (पीएच) साडेआठच्या वर जातो, ओली असताना ती लोण्यासारखी चिकट आणि वाळल्यावर विटेसारखी टणक लागते.

आमचे स्वतःचे ओढ्याकडचे तीन एकर रान आहे. १९८४ च्या सुमारास त्या रानात आडसाली उसाचे एकरी ५५ ते ६० टन उत्पन्न निघत होते. पुढच्या दहा-बारा वर्षांत ते ४० वर आले, आम्ही बेणे बदलले, खताची पोती वाढवली. नंतर मध्यभागी एक गोल तुकडा असा दिसू लागला की तिथे ऊस उगवायचा, गुडघ्याएवढा व्हायचा आणि पिवळा पडून बसायचा. तो तुकडा दरवर्षी रुंदावत गेला. फेब्रुवारीच्या सकाळी त्या रानातून चालत गेले की पायाखाली पापडासारखे काहीतरी करकरायचे. वाकून बोटाने उचलले तर पांढरी भुकटी, जिभेला लावली तर खारट आणि किंचित कडू. उसाच्या जागी आपोआप लव्हाळा आला, कडेने वेडी बाभूळ आली. बांधालगतच्या विहिरीत पूर्वी पाणी पाहायला वाकावे लागे, ती विहीर इतकी भरली की बादली दोराशिवाय बुडवता येऊ लागली. त्या भरलेल्या विहिरीकडे बोट दाखवून आम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगायचो की बघा, संस्थेमुळे विहिरींना कसे पाणी आले आहे. ते पाणी वर येणे हे संकटाचे लक्षण आहे हे आम्हाला कळायला फार उशीर झाला.

वास्तविक तो उशीर व्हायला नको होता. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ मध्ये सुरू झाले आणि पंचवीस वर्षांच्या आत त्या खोऱ्यात खारजमिनी इतक्या वाढल्या की पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरोल्ड मान यांनी १९१० च्या सुमारास त्यांचा सविस्तर अभ्यास केला. म्हणजे भारी काळ्या जमिनीला बारमाही पाणी दिले आणि निचऱ्याची सोय केली नाही तर काय होते, हे महाराष्ट्राला शंभरहून अधिक वर्षे माहीत आहे. सांगली जिल्ह्यातच कसबे डिग्रज येथे राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे आणि तिथे क्षारपड जमिनींवर वर्षानुवर्षे काम झाले आहे. ज्ञान होते, ते संस्थेच्या सभेत कधी आले नाही. कर्ज मंजूर करताना बँकेने मोटारीची अश्वशक्ती विचारली, पाइपचा व्यास विचारला, लाभक्षेत्र किती एकर ते विचारले. वापरून उरलेले पाणी कुठून बाहेर जाणार, हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नाही आणि आम्हीही तो स्वतःला विचारला नाही.

या दुखण्याचा एक भाग असा आहे की तो सहकाराच्या मुळाशीच जाऊन भिडतो. ज्याचे रान चढाला आहे त्याने जास्त पाणी दिले तरी त्याच्या रानात मीठ फुटत नाही. पाणी जमिनीच्या पोटातून उताराने सरकत जाते आणि ओढ्याकाठच्या, सखल रानात वर येते. वरच्याने पाणी जास्त दिल्याची शिक्षा खालचा भोगतो. खालचे रान बहुतेक वेळा अशाच्या वाट्याला आलेले असते ज्याच्याकडे दुसरे रान नाही. त्याचा ऊस गेला, पण उताऱ्यावर जमीन बागायत म्हणूनच लागलेली असते, संस्थेची पाणीपट्टी एकराप्रमाणे आकारली जाते आणि सोसायटीचे पीककर्ज डोक्यावर असते. तो थकबाकीदार होतो. थकबाकीदार झाला की नवे कर्ज नाही, संस्थेच्या निवडणुकीला उभे राहता येत नाही. गावात त्याच्याविषयी बोलताना लोक म्हणतात की त्याने शेतीकडे लक्ष दिले नाही. मी सचिव या नात्याने अशा कित्येक जणांना थकबाकीच्या नोटिसा पाठवल्या आहेत. त्यातल्या एका वृद्ध सभासदाने ऑफिसात येऊन नोटीस माझ्या टेबलावर ठेवली आणि एवढेच म्हटले, "तात्या, पाणी तुम्ही दिलंत, ते आता घेऊन जावा की." मला तेव्हा उत्तर सुचले नाही. पुढे अनेक वर्षांनी लक्षात आले की त्यांच्या त्या एका वाक्यात संस्थेचे राहून गेलेले निम्मे काम सांगितलेले होते.

पाणी घेऊन जाणे शक्य आहे, आणि त्याची रीत अवघड नाही. रानात चार-पाच फूट खोल चर काढून त्यात सच्छिद्र प्लॅस्टिकच्या नळ्या टाकायच्या, नळ्यांची छिद्रे मातीने बुजू नयेत म्हणून त्यांवर गाळणीचे आवरण असते. या नळ्या एका मोठ्या बंद नळीला जोडायच्या आणि ती नळी उताराने नेऊन ओढ्यात किंवा नाल्यात सोडायची. पातळी खाली गेली की पावसाचे आणि पाटाचे गोडे पाणी वरून मुरते, क्षार धुऊन खाली नेते आणि ते नळीवाटे बाहेर जातात. चोपण जमिनीला त्याबरोबर जिप्सम द्यावे लागते, ताग किंवा धैंचा गाडावा लागतो. धुऊन जायला वाट नसताना नुसते जिप्सम टाकण्यात शेतकऱ्यांनी आजवर पुष्कळ पैसा घालवला आहे, हेही इथे नमूद केले पाहिजे.

अवघड आहे ते दुसरेच. नळी माझ्या रानात संपत नाही. ती ओढ्यापर्यंत न्यायची तर खालच्या चार-सहा जणांच्या रानातून गेली पाहिजे. त्यातल्या एकाने नाही म्हटले की सारे काम अडते. शिवाय एकट्याने आपल्या तीन एकरांत नळ्या टाकल्या आणि भोवतालचे वीस एकर पाणथळच राहिले तर त्या वीस एकरांचे पाणी त्याच्या नळीकडे धावते आणि त्याचे रान सुटत नाही. निचरा हा एका खातेदाराचा नसतो, तो एका ओघळीच्या साऱ्या पाणलोटाचा असतो. जे काम एकट्याला करता येत नाही आणि सगळ्यांनी मिळून केल्याशिवाय होत नाही, त्याच कामासाठी सहकारी संस्था असते, असे मला शिकवले गेले होते.

शिरोळ तालुक्यात श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने गेल्या काही वर्षांत हे काम मोठ्या प्रमाणावर झाले आहे. तिथे गावागावांतल्या क्षारपड रानांच्या खातेदारांना एकत्र आणून त्यांच्या संस्था केल्या गेल्या, सलग क्षेत्र धरून पातळ्या घेतल्या गेल्या, मुख्य नळी आधी नाल्यापर्यंत नेली आणि मग एकेकाच्या रानातल्या सच्छिद्र नळ्या तिला जोडल्या. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या जमिनींत पुन्हा पीक उभे राहिलेले मी स्वतः जाऊन पाहिले आहे. एका बांधावर उभा असताना तिथला शेतकरी मला नळीचे तोंड दाखवायला ओढ्यात घेऊन गेला. हाताच्या मनगटाएवढी धार, चहासारख्या रंगाची, मे महिन्यातही अखंड पडत होती. त्याने ओंजळीत धरून ते पाणी मला चाखायला दिले. ते इतके खारट होते की मला ते थुंकावे लागले. तो हसून म्हणाला, "पहिल्या वर्षी ह्याच्या दुप्पट खारं होतं, आता कमी झालंय." आपल्या रानातून मीठ किती गेले याचा हिशेब तो जिभेने ठेवत होता. त्या माणसाचा चेहरा मी विसरू शकत नाही.

हरियाणातही कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली जमिनीखालील निचऱ्याचे काम शेतकऱ्यांचे गट बांधूनच पुढे नेण्यात आले. तिथला मुलूख सपाट असल्याने अनेक ठिकाणी गोळा झालेले पाणी पंपाने उपसून टाकावे लागते आणि पंपाची देखभाल हा कायमचा प्रश्न होऊन बसतो. आपल्याकडे निसर्गाने उतार दिला आहे, पाणी बहुतेक जागी आपोआप वाहून जाते. म्हणजे आपले काम त्यांच्याहून सोपे आहे. तरीही ते थोड्याच ठिकाणी होते, कारण त्याला पैसा आणि नळीला दुसऱ्याच्या रानातून वाट या दोन्ही गोष्टी मिळत नाहीत.

पैशाविषयी आधी सांगतो. नळ्या टाकण्याचा खर्च एका हंगामात फिटणारा नसतो, त्याला सात-आठ वर्षांच्या मुदतीचे कर्ज लागते. विकास सोसायटी देते ते पीककर्ज, जे दरवर्षी मार्चअखेर नवे-जुने करावे लागते. दीर्घ मुदतीचे कर्ज देण्यासाठी जी भूविकास बँक होती, जिच्या कर्जावर आमच्यासारख्या संस्थांच्या मोटारी बसल्या, ती बँक आज राहिलेली नाही आणि तिची जागा गावपातळीवर दुसऱ्या कोणी घेतलेली नाही. राष्ट्रीयीकृत बँकेत गेले तर ती क्षारपड जमीन तारण घ्यायला कचरते आणि अर्जदार सोसायटीचा थकबाकीदार निघाला तर विषयच संपतो. ज्याला कर्जाची सर्वांत जास्त गरज त्यालाच ते मिळू नये अशी ही रचना होऊन बसली आहे. केंद्र सरकारने प्राथमिक सोसायट्यांच्या आदर्श पोटनियमांत २५ हून अधिक नवे व्यवसाय करायला मुभा दिली, हे मी स्वागतार्ह मानतो. त्या मुभेचा पहिला उपयोग, निदान आमच्या भागात, जमीन सुधारणेच्या मुदती कर्जासाठी व्हावा असे मला कळकळीने वाटते. सोसायटीने पेट्रोल पंप जरूर चालवावा. पण पंपावर डिझेल भरायला येणारा ट्रॅक्टर ज्या रानात चालायचा ते रान आधी जिवंत राहायला हवे.

माझी मुख्य सूचना उपसा संस्थांसाठी आहे आणि ती साधी आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ६६ नुसार प्रत्येक संस्थेला आपल्या निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो. संस्थेवर वाईट दिवस आले तर तिचे भांडवल सुरक्षित राहावे, हा त्यामागचा विचार. उपसा संस्थेचे खरे भांडवल तिच्या लाभक्षेत्रातील जमीन आहे, आणि तिच्यासाठी मात्र कसलाही राखीव निधी नाही. तेव्हा प्रत्येक उपसा संस्थेने आपल्या पोटनियमात दुरुस्ती करून पाणीपट्टीबरोबर एकरी ठराविक रकमेचा निचरा निधी आकारावा, आणि तो लाभक्षेत्रातील प्रत्येक एकरावर आकारावा. ज्याचे रान चढाला आहे आणि ज्याच्याकडे मीठ फुटलेले नाही त्यानेही तो द्यावा, कारण त्याच्या रानातले जास्तीचे पाणीच खाली उतरलेले आहे. या एका मुद्द्यावर सभेत भांडण होणार हे मी जाणतो. मी अशा सभा पाहिल्या आहेत आणि "माझं रान चांगलं आहे, मी का भरू" हे वाक्यही ऐकले आहे. ज्या दिवशी जॅकवेल बांधली त्या दिवशी नदीजवळचा आणि टेकाडावरचा, दोघांनी एकरी सारखेच शेअर घेतले होते. पाइपलाइनची लांबी कोणासाठी किती, हे त्या वेळी कोणी मोजत बसले नव्हते. तसे मोजत बसलो असतो तर टेकाडावरच्यांना आजही पाणी मिळाले नसते.

निधीइतकीच मोजमापाची गरज आहे. लाभक्षेत्रात दर पन्नास एकरांमागे एक अशी पाच-सहा फूट खोल निरीक्षण नळी रोवून पाटकऱ्याने महिन्यातून एकदा पाण्याची पातळी वहीत लिहावी, एवढे काम आज कोणत्याही संस्थेला करता येण्याजोगे आहे. त्याला यंत्र लागत नाही, गाठी मारलेली दोरी पुरते. पातळी जमिनीपासून पाच फुटांच्या आत येऊ लागली की त्या भागाची पाळी लांबवायची, असा ठराव संस्थेने करावा. आज आम्हाला मीठ दिसते तेव्हा रोग पुढे गेलेला असतो, दोरीला तो चार-पाच वर्षे आधी कळेल. आणि जिथे शक्य आहे तिथे आकारणी एकराऐवजी घनमापाने व्हावी. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणावरच्या पाणीवापर संस्थांनी ओझरपासून सुरुवात करून पाणी मोजून घेण्याची आणि मोजूनच वाटण्याची पद्धत रुजवली, त्याला आता तीस वर्षांहून अधिक काळ झाला. तिथे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या वतीने जे काम केले त्यामुळे कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्याला त्याच्या हक्काचे पाणी मिळाले, आणि मोजून घेतलेले पाणी लोक जपून वापरू लागले. कालव्यावर जे जमते ते बंद नळातून येणाऱ्या पाण्याला अधिक सहज जमायला हवे.

साखर कारखान्यांचा यात थेट स्वार्थ आहे, आणि तो चांगला स्वार्थ आहे. कार्यक्षेत्रातील जमीन गेली तर ऊसही जाणार. सर्वेक्षणासाठी माणसे आणि लेव्हलिंगची साधने कारखान्यांकडे असतात, बँकांत त्यांची पत असते आणि हप्त्याची वसुली ऊस बिलातून करण्याची यंत्रणा तयार आहे. जे एका कारखान्याने करून दाखवले ते कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या खोऱ्यांतील इतरांनी का करू नये, याचे पटणारे उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

राहिली वाट. पाणी आणण्यासाठी दुसऱ्याच्या जमिनीतून पाट किंवा नळ न्यायचा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४९ मध्ये त्याची तरतूद आहे आणि तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. आमची मेन लाइन काही ठिकाणी याच तरतुदीच्या आधाराने पुढे सरकली. रानातले जास्तीचे पाणी ओढ्यापर्यंत नेणारी बंद नळी दुसऱ्याच्या जमिनीखालून जाण्यासाठीही तितकीच नेमकी, मुदतीत निकाल देणारी कार्यपद्धती शासनाने ठरवून द्यावी. चार-पाच फूट खालून जाणाऱ्या नळीने वरच्या पिकाचे एका हंगामापलीकडे नुकसान होत नाही आणि त्या हंगामाची भरपाई निचरा निधीतून देता येते. त्याचबरोबर बुजलेले, अतिक्रमणाने अरुंद झालेले ओढे मूळ रुंदीने मोकळे करून दिले नाहीत तर नळीचे तोंड गाळात रुतेल आणि सारा खर्च वाया जाईल. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर ओढ्यांचे प्रश्न सर्वांना समजले, परंतु पूर ओसरल्यावर तो विषयही ओसरला.

एक सावधगिरी प्रामाणिकपणे नोंदवतो. आमच्या रानातून धुतलेले मीठ ओढ्यातून शेवटी कृष्णेतच जाते आणि खालच्या अंगाला तीच नदी कोणाच्या तरी पिण्याची आणि पिकाची आहे. पावसाळ्यात नदी भरून वाहत असताना ते विरते, उन्हाळ्यात तसे होत नाही. म्हणून नळ्या टाकण्याच्या जोडीने वरून दिले जाणारे पाणी कमी झाले पाहिजे, ठिबक झाले पाहिजे, तीन-तीन खोडवे घेण्याऐवजी मध्ये हरभऱ्यासारखे किंवा तागाचे पीक घ्यायला हवे. नळ्या टाकल्या म्हणून पूर्वीसारखेच रात्रभर पाणी सोडत राहिलो तर आम्ही आमचे संकट खालच्या गावांकडे ढकलू, आणि आमच्यातल्या वरच्या रानकऱ्यांनी खालच्यांना जे केले तेच आम्ही दुसऱ्यांना करू. ऊस सोडा असे मी म्हणत नाही. माझ्या मुलांची शिक्षणे उसावर झाली आहेत. उसाला लागते तेवढेच पाणी द्या, एवढेच माझे म्हणणे आहे.

आमच्या संस्थेची वार्षिक सभा कायद्याप्रमाणे सप्टेंबरअखेरच्या आत होईल. निचरा निधीचा ठराव मी सभासद या नात्याने विषयपत्रिकेवर घेण्यासाठी लेखी दिला आहे. पहिल्या टप्प्यात ओढ्याकाठच्या सलग ३४ एकरांचा आराखडा जोडला आहे. त्यातून मुख्य नळी ओढ्यापर्यंत न्यायला सात खातेदारांची संमती लागते. पाच जणांनी सह्या दिल्या आहेत. उरलेल्या दोघांची बाकीची राने चढाला आहेत. त्यांच्याकडे मी दर रविवारी जातो, चहा होतो, बोलणे होते, आणि गेल्या रविवारी त्यातल्या एकाने माझ्याकडून निरीक्षण नळीची दोरी मागून घेतली आहे.

आपला विश्वासू,
एक सभासद व निवृत्त संस्था-सचिव,
वाळवा तालुका, जि. सांगली